समुद्रातल्या प्रकल्पाची जनसुनावणी लागलीय? गावाने तयारी कशी करायची

बंदर असो, जेट्टी असो, भराव असो नाहीतर खाडीवरचा पूल, पेपरात जनसुनावणीची नोटीस आली की किनाऱ्यावरच्या गावात आधी बॅनर छापायला जातात आणि व्हॉट्सॲपवर मेसेज फिरायला लागतात की सगळ्यांनी यायचंच. ते करा, गर्दी लागतेच. पण गर्दी फाईलमध्ये जात नाही, फाईलमध्ये कागद जातो, आणि प्रकल्पावर शिफारस करणारी तज्ज्ञ समिती बसते तिच्यासमोर तोच कागद असतो, उद्या कोर्टात गेलात तर वकीलसुद्धा पहिला तोच मागतो.

आणि आपल्याकडे नेमका कागदच नसतो. कंपनीच्या रिपोर्टातला नकाशा उघडून बघा, किनाऱ्यापर्यंत घरं, रस्ते, शेतं सगळं दाखवलेलं असतं आणि पाणी सुरू झालं की नुसता निळा रंग. त्या निळ्यात कुणाचे डोलीचे (प्रवाहात रोवलेल्या जाळ्याचे) खुंट आहेत, कुठे रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) लागते, कुठल्या खडपावर बायका कालवं काढतात, यातलं काही नाही. जो समुद्र कागदावर रिकामा तो वापरायला मोकळा, असं सरळ धरलं जातं. म्हणून सुनावणीची खरी तयारी म्हणजे आपला समुद्र कागदावर आणणं, बाकी सगळं त्यानंतर.

आधी वेळ मोजा

जनसुनावणी १४ सप्टेंबर २००६ च्या ईआयए म्हणजे पर्यावरणावरच्या परिणामांच्या अभ्यासाच्या अधिसूचनेप्रमाणे होते, ती प्रदूषण नियंत्रण मंडळ म्हणजे एमपीसीबी लावतं आणि कलेक्टर किंवा त्यांचा अतिरिक्त जिल्हादंडाधिकाऱ्यापेक्षा खालचा नसलेला अधिकारी अध्यक्ष असतो. नोटीस आणि सुनावणी यात किमान ३० दिवस पाहिजेत आणि नोटीस एका राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेतल्या पेपरात यायला हवी. तेव्हा ज्या दिवशी नोटीस दिसेल त्या दिवशीचा पेपर अख्खा जपून ठेवा, तारखेसकट, नुसतं कात्रण नको. दिवस कमी पडत असतील तर तोच पहिला लेखी आक्षेप.

त्या ३० दिवसांत कंपनीचा ईआयए मसुदा रिपोर्ट कलेक्टर ऑफिस, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र आणि एमपीसीबीच्या वेबसाईटवर मिळायला पाहिजे आणि सारांश मराठीतही पाहिजे. दोन माणसं पाठवून प्रत्यक्ष बघून या की तो तिथे आहे का. नसेल तर तिथल्या तिथे अर्ज लिहून द्या आणि पोच घ्या. पोच हा शब्द या सगळ्या प्रकरणात लक्षात ठेवा, शिक्का आणि तारीख नसलेला अर्ज दिलाच नाही असं समजा.

पण खरं सांगायचं तर ३० दिवस पुरत नाहीत. नकाशा आणि नोंदी करायला मोसम लागतो. म्हणून केंद्राच्या पर्यावरण मंजुरीच्या परिवेश पोर्टलवर आपल्या तालुक्याचं नाव टाकून कोणीतरी अधूनमधून बघत राहिलं पाहिजे, कॉलेजला जाणारं पोर असेल तर त्याला हे काम द्या, कारण कंपनीचा अर्ज तिथे सुनावणीच्या कितीतरी महिने आधी दिसतो. अभ्यासात काय काय तपासायचं हे समितीने कंपनीला ठरवून दिलेलं असतं, त्याला टर्म्स ऑफ रेफरन्स म्हणतात, तेही तिथेच मिळतं, डाउनलोड करून ठेवा, पुढे लागणार आहे.

समुद्राचा नकाशा

हे सगळ्यात महत्त्वाचं काम आणि ते बाहेरच्या माणसाला जमत नाही. सोसायटीच्या ऑफिसात चार जुने तांडेल (बोटीचे म्होरके) बसवा, ज्यांनी जीपीएस यायच्या आधी डोंगर आणि देवळाचा कळस बघून जागा धरल्या अशी माणसं, आणि दोन तरुण बसवा ज्यांना मोबाईल आणि जीपीएस कळतो. मोठ्या कागदावर किनारा काढा, खाडीचं तोंड, खडप, वाळूचे दांडे काढा, मग तांडेल सांगतील तसं भरत जा. कुठल्या भागात काय जाळं, डोल की गिलनेट की रापण की नुसती गळाची मासेमारी. कुठल्या महिन्यात. पाणी किती वाव खोल. उधाणाच्या मोठ्या भरतीला चालतं की भांगाच्या छोट्या भरतीला. कुठली मासळी. जागेचं गावातलं नाव काय, हे जरूर लिहा, कारण ज्या जागेला नाव आहे ती जागा पिढ्यानपिढ्या वापरात आहे हे त्यातून आपोआप कळतं.

इथे एक अडचण येते आणि ती आधीच सोडवून ठेवा, नाहीतर मीटिंग तिथेच फिसकटते. कुठलाही तांडेल आपली धरलेली खास जागा दुसऱ्याला सांगत नाही आणि सांगूही नये, ती त्याची कमाई आहे. तेव्हा नकाशावर ठिपके नकोत, पट्टे दाखवा. चार कोपऱ्यांचे अक्षांश रेखांश आणि आत एकूण किती बोटी जातात एवढंच लिहायचं. आक्षेपाला एवढं पुरतं आणि कुणाचं गुपित फुटत नाही. शेजारच्या गावाचीही हद्द त्याच पट्ट्यात येत असेल तर त्यांना बोलवा, आपसातला जुना वाद असला तरी बोलवा, सुनावणीत दोन गावांनी एकच जागा आपापली म्हणून सांगितली तर दोघांचाही दावा हलका होतो.

मग किनाऱ्यावरचं. होड्या ओढायची जागा, जाळी सुकवायची जागा, बोंबील वाळत घालायच्या वलांड्या, सुकी मासळी पसरायचा खळा, बर्फाचा कारखाना, जेट्टी, पाण्याची विहीर, सगळं मांडा. सीआरझेड म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेत हेच सांगितलंय की किनारा व्यवस्थापनाच्या नकाशात मच्छीमारांची गावं, त्यांच्या सामायिक जागा, जेट्ट्या, मासळी सुकवायच्या जागा दाखवल्या पाहिजेत, मासेमारीचे आणि मासळीच्या पैदाशीचे भागही दाखवले पाहिजेत. तुमच्या गावाच्या मंजूर नकाशात ते आहे का बघा, १:४००० च्या नकाशावर सर्व्हे नंबरसकट दिसतं. नसेल तर महाराष्ट्र किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाला लेखी कळवा आणि जिल्हा समितीलाही. या जिल्हा समितीचे अध्यक्ष कलेक्टर असतात आणि तिच्यात स्थानिक पारंपरिक किनारी समाजाचे किमान ३ प्रतिनिधी असावे लागतात, तुमच्या जिल्ह्यातले ते तिघं कोण आहेत हे माहीत नसेल तर दहा रुपयांचा आरटीआय टाका, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

कांदळवन (खारफुटी) असेल तर ते वेगळं दाखवा. मुंबई हायकोर्टाच्या सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर कांदळवन आणि त्याच्याभोवतीचा ५० मीटरचा पट्टा यांना मजबूत संरक्षण आहे आणि हा मुद्दा बाकी मुद्द्यांपेक्षा लवकर ऐकला जातो.

माणसं मोजा, नुसत्या बोटी नाही

कंपनीच्या सर्व्हेत बहुतेक वेळा मच्छीमार म्हणजे बोटीचा मालक, ज्याच्याकडे लायसन्स आहे तो. मग खलाशी कुठे गेला? मासळी विकायला पहाटेची गाडी पकडणारी बाई कुठे गेली? जाळी विणणारे, शिवणारे, बर्फ फोडणारे, टेम्पोवाले, खडकावर कालवं आणि खाडीत तिसऱ्या काढून घर चालवणाऱ्या बायका, यांच्यापैकी कुणाच्याच नावावर बोट नसते आणि भरपाईची यादी आली की नेमकी हीच माणसं सुटतात. माझं स्पष्ट मत आहे की गावाने स्वतःची यादी घरोघर जाऊन करावी आणि ते काम बचत गटातल्या बायकांनी करावं, कारण कुठल्या घरात कोण काय काम करतं हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

सरकारी आकडे सोबत जोडा. सीएमएफआरआय या केंद्राच्या सागरी मासेमारी संशोधन संस्थेने २०१० मध्ये सागरी मच्छीमारांची गणना केली तेव्हा महाराष्ट्रात ४५६ मासेमारी गावं आणि ८१,४९२ कुटुंबं नोंदली होती. तुमचं गाव त्यात असेल तर तेवढं पान काढून जोडा, कारण कंपनीच्या रिपोर्टात गावात मासेमारी नगण्य आहे असं लिहिलं असेल तर त्याला सगळ्यात चांगलं उत्तर सरकारच्याच संस्थेचा कागद.

उत्पन्नाचे पुरावे म्हणजे सोसायटीची विक्रीची वही, डिझेल परताव्याच्या नोंदी, बर्फाची बिलं, लायसन्सच्या झेरॉक्स. पाच-सात वर्षांचे मिळाले तर उत्तम. बायकांच्या विक्रीची बिलं नसतात, मग बाजारकराच्या पावत्या शोधा, मार्केटच्या गाळ्याचा किंवा ओळखपत्राचा कागद शोधा, काहीच नसेल तर आजपासून वही घाला. तारीख, मासळी, टोपल्या, भाव. एक मोसम लिहिलं तरी काहीच नसण्यापेक्षा फार वरचं.

हे सगळं का करायचं ते उरणच्या उदाहरणावरून कळेल. तिथल्या पारंपरिक मच्छीमारांनी लढून एनजीटीकडून म्हणजे राष्ट्रीय हरित लवादाकडून फेब्रुवारी २०१५ मध्ये १,६३० कुटुंबांसाठी ९५ कोटी १९ लाखांच्या भरपाईचा आदेश मिळवला, प्रकरण पुढे सुप्रीम कोर्टात गेलं, पण आकडा लागला तो कुटुंबं मोजता आली म्हणून. ठाणे खाडीवरच्या तिसऱ्या पुलाच्या प्रकरणातही मुंबई हायकोर्टाने २०२१ मध्ये राज्याला मच्छीमारांच्या भरपाईचं धोरण करायला सांगितलं. धोरण आलं तरी यादीत नाव घालायला कागद आपल्यालाच द्यावा लागतो.

रिपोर्ट कसा वाचायचा

शेकडो पानं बघून घाबरू नका, अख्खा वाचायची गरज नाही. प्रकरण २ मध्ये प्रकल्प काय आहे ते, ३ मध्ये आत्ताची परिस्थिती, ४ मध्ये परिणाम आणि उपाय, ५ मध्ये पर्यायी जागांचा विचार, आणि १० मध्ये पर्यावरण व्यवस्थापनाचा आराखडा आणि त्याचा पैसा. बहुतेक रिपोर्टांचा साचा हाच असतो. टर्म्स ऑफ रेफरन्स शेजारी उघडून ठेवा आणि एकेक मुद्दा जुळवत जा, जे तपासायला सांगितलं होतं आणि तपासलं नाही ते बाजूला लिहून काढा.

प्रकरण ३ वर जास्त वेळ द्या. पाण्याचे आणि मासळीचे नमुने कुठल्या महिन्यात घेतले ते बघा, बरेचदा एकाच मोसमाचे असतात, आणि पावसाळा संपल्यावर खाडीच्या तोंडाशी काय चालतं ते त्यात येतच नाही. सर्व्हे केला तेव्हा गावात कोण आलं होतं, कुणाशी बोललं, हे गावात विचारा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्या काळात कोणी किनाऱ्यावर येऊन बोटी नांगरलेल्या बघितल्या आणि इथे मासेमारी कमी आहे असं लिहिलं तर ते तारखेनिशी खोडता येतं.

मग गाळ. बंदर म्हटलं की ड्रेजिंग आलं आणि उपसलेला गाळ समुद्रातच कुठेतरी टाकणार, त्या जागेचे अक्षांश रेखांश रिपोर्टात असतात, ते आपल्या नकाशावर टाकून बघा. जहाजांची वाट आणि नांगरायची जागाही टाका, कारण तिथे पुढे जाळी टाकू देत नाहीत आणि बरेचदा भरावापेक्षा जास्त समुद्र या दोन गोष्टींत जातो. ब्रेकवॉटर म्हणजे लाटा अडवणारा बांध घातला की एका बाजूला वाळू साठते आणि दुसऱ्या बाजूला किनारा खचतो, कुठल्या गावाचा किनारा खचणार याचं मॉडेलिंग केलंय का ते विचारा, केलं असेल तर किती वर्षांचं.

लेखी आक्षेप

"आमचा समुद्र उद्ध्वस्त होईल, प्रकल्प रद्द करा" असं लिहिलं की उत्तर ठरलेलं येतं, योग्य त्या उपाययोजना करण्यात येतील. असा आक्षेप एका ओळीत निकाली निघतो. त्याच्याऐवजी असं लिहा: "रिपोर्टाच्या अमुक पानावरच्या नकाशात दाखवलेली जहाजांची वाट आमच्या नकाशातल्या 'क' पट्ट्यातून जाते. तिथे आमच्या गावाच्या इतक्या डोली ऑक्टोबर ते मे लागतात. रिपोर्टात या डोलींचा उल्लेख नाही. त्यांचं काय होणार, पर्यायी जागा कुठली, आणि त्यासाठी प्रकरण १० मध्ये किती रक्कम धरली आहे?" या प्रश्नाला उत्तर द्यावंच लागतं, कारण सुनावणीत आलेल्या मुद्द्यांवर काय करणार हे अंतिम रिपोर्टात लिहून द्यायची जबाबदारी कंपनीची असते.

नेमक्या मागणीचं बळ वरळीला दिसलं. कोस्टल रोडच्या पुलाखालून कोळ्यांच्या बोटी जायच्या होत्या, ठरलेलं अंतर ६० मीटर होतं, कोळी बांधव म्हणाले १६० मीटर पाहिजे, नाहीतर वाऱ्याच्या आणि भरतीच्या दिवसात बोट खांबावर आदळणार. त्यांनी समुद्रात काम अडवलं, वर्षानुवर्षं चर्चा केल्या, आणि डिसेंबर २०२२ मध्ये मधला एक खांब काढून १२० मीटर द्यायचं ठरलं. सगळं मिळालं नाही. पण आकडा, खांबाचा नंबर आणि कारण तिन्ही हातात होतं म्हणून एवढं तरी पदरात पडलं.

ग्रामसभेचा ठरावही असाच मुद्देसूद करा. डहाणूसारखा तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो, तिथे पेसा हा आदिवासी भागातल्या ग्रामसभांचा कायदा लागू आहे, तिथे ग्रामसभेच्या ठरावाला जास्त वजन आहे, त्यामुळे तो घाईत तीन ओळींचा करू नका, नकाशा आणि यादी ठरावाला जोडा.

आणखी एक गोष्ट जी ऐकायला कडू वाटेल पण सांगितलीच पाहिजे. सुनावणीत कोणीतरी म्हणणारच की मासा प्रकल्पामुळे नाही, तुमच्याच एलईडी दिव्यांच्या मासेमारीमुळे आणि बारीक आसाच्या (भोकांच्या) जाळ्यामुळे संपलाय. एलईडी मासेमारीवर २०१७ पासून केंद्राचीही बंदी आहे, राज्याने २०२१ मध्ये कायद्यात बदल करून दंड लाखांत नेला, पापलेटची किमान लांबी १३५ मिलिमीटर ठरलीय. आपल्या गावाच्या बोटी हे पाळतात का? पाळत असतील तर सोसायटीचा ठराव आणि केलेल्या दंडाच्या नोंदी जोडा. पाळत नसतील तर सुनावणीच्या आधी पाळायला लागा, कारण लहान पापलेट टोपलीत असताना समुद्र वाचवा म्हणणं पोकळ वाटतं आणि मासळीसाठीही ते वाईटच आहे.

बहिष्कार टाकायचा का

यावर गावागावात भांडणं होतात. राग मी समजू शकतो, सगळं ठरवूनच आलेत मग कशाला जायचं. पण सुनावणीला कोरम नसतो, कोणीच आलं नाही तरी ती झाली असं लिहिलं जातं आणि इतिवृत्तात लिहितात की आक्षेप आले नाहीत. म्हणून बहिष्कार टाकायचाच असेल तर टाका, पण लेखी आक्षेप आधी एमपीसीबीला देऊन, पोच घेऊन, मग टाका.

आणि सुनावणी म्हणजे मतदान नव्हे हेही लोकांना आधीच सांगा. पालघर जिल्ह्यातल्या वाढवणला १९९८ मध्ये डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणाने बंदर नाकारलं होतं, त्याच प्राधिकरणाने जुलै २०२३ मध्ये नव्या प्रस्तावाला ना हरकत दिली, १९ जानेवारी २०२४ ला जनसुनावणी झाली, विरोध जोरात होता, आणि फेब्रुवारीत पर्यावरण मंजुरी आली. जूनमध्ये केंद्राने ७६,२२० कोटींच्या प्रकल्पाला मान्यता दिली, त्यात समुद्रात १,४४८ हेक्टर भराव आहे. विरोध वाया गेला असं मी म्हणणार नाही, कारण नोंदलेला प्रत्येक मुद्दा अजूनही अटी, भरपाई आणि कोर्ट या तिन्ही ठिकाणी वापरता येतो, पण हात वर करून प्रकल्प थांबेल या आशेवर गेलेली माणसं नंतर खचतात.

सुनावणीच्या दिवशी

लेखी निवेदन दोन प्रती, एकीवर पोच. बोलणारे आधी ठरवा आणि विषय वाटून घ्या, एकाने डोलीवर, एकाने गाळावर, एकीने सुक्या मासळीवर, एकीने कालवांवर, एकाने किनारा खचण्यावर. प्रत्येकाने नाव, गाव सांगून नकाशातला पट्टा आणि रिपोर्टाचं पान सांगायचं, तीन-चार मिनिटांत संपवायचं. बायकांना पहिल्या तासात बोलवा, शेवटी ठेवलं की वेळ संपला म्हणतात. मराठीतच बोला, आपल्या बोलीत बोला, आणि कंपनीच्या माणसाने इंग्रजीत उत्तर दिलं तर मराठीत सांगायला लावा. व्हिडिओ शूटिंग अधिकृतपणे होतं, तरी आपलंही करा.

हजेरीच्या कागदावर सही करायला लोक घाबरतात, संमती समजतील म्हणून. कागदाचा मथळा वाचा, हजेरीच असेल तर सही करा, नावापुढे विरोध असं लिहायलाही हरकत नाही.

शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवावं लागतं. तोपर्यंत अर्धा मंडप रिकामा झालेला असतो, जेवणाची वेळ टळून गेलेली असते, आणि इथेच मुद्दे गळतात. म्हणून पाच माणसं फक्त या कामासाठी ठेवा, ती शेवटपर्यंत बसतील, आपल्या मुद्द्यांची यादी हातात घेऊन टिक करत जातील आणि राहिलेला मुद्दा उभं राहून सांगतील. नंतर इतिवृत्ताची प्रत ग्रामपंचायतीत लागते, ती घ्या आणि चूक दिसली तर केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाला थेट लेखी कळवा.

मंजुरी आली तर

मंजुरीचं पत्र आलं की त्यावरची तारीख पहिली बघा. एनजीटीत अपील करायला ३० दिवस असतात, कारण पटलं तर आणखी ६० दिवसांपर्यंत सवलत, आणि आपल्यासाठी खंडपीठ पुण्यात आहे. वकील शोधण्यात ते दिवस घालवू नका, सुनावणीच्या आधीच बोलून ठेवा.

अपील केलं नाही तरी पत्रातल्या अटी मराठीत काढून सोसायटीत लावा. अटी पाळल्या की नाही याचा रिपोर्ट कंपनीने दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो. तो मागवा, आपल्या वहीशी ताडून बघा, आणि फरक दिसला की फोटो, तारीख आणि अक्षांश रेखांशासह केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या नागपूरच्या प्रादेशिक कार्यालयाला आणि एमपीसीबीला तक्रार द्या. मासळीची वही मात्र बंद करू नका, काम सुरू व्हायच्या आधीची आणि नंतरची आवक शेजारी शेजारी मांडता आली तरच नुकसान किती झालं ते सांगता येतं.